रक्ताच्या थेंबावर प्रकाश, सोन्याचे नॅनोरॉड आणि पेटंट परीक्षकाच्या हरकती

प्रश्न नांदेड जिल्ह्यातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमचा आहे. सोन्याच्या नॅनोरॉडवर (अतिसूक्ष्म लांबट कणांवर) अँटिबॉडी बसवायची, बोटातून काढलेला रक्ताचा एक थेंब त्यावर सोडायचा आणि प्रकाशाच्या शोषणातल्या फरकावरून रक्तातलं सीआरपी (दाह झाला की वाढणारं प्रथिन) मोजायचं, अशी पद्धत त्यांनी आणि त्यांच्या पीएचडीच्या विद्यार्थिनीने तयार केली. महाविद्यालयाच्या नावाने पेटंटचा अर्ज केला. आता पहिला परीक्षण अहवाल, म्हणजे आपण सगळे ज्याला एफईआर म्हणतो तो, आला आहे. त्यात पेटंट कायद्याचं कलम ३(आय) (निदान-उपचाराच्या प्रक्रिया), तीन जुने दस्तऐवज दाखवून कल्पकतेचा अभाव, मग ३(डी) (माहितीच्या पदार्थाचं नुसतं नवं रूप), ३(के) (अल्गोरिदम) आणि १०(४) (शोधाचं पुरेसं वर्णन) अशा हरकती आहेत. प्राचार्यांचं म्हणणं, एवढ्या हरकती म्हणजे अर्ज गेल्यातच जमा. उत्तर द्यावं की सोडून द्यावं, असं मॅडमनी विचारलंय. सोबत क्लेम (नेमका कशावर हक्क मागितलाय ते) आणि स्पेसिफिकेशन (शोधाचं सविस्तर वर्णन) पाठवलंय, त्यामुळे मोघम बोलायची गरज नाही.

मॅडम, सोडू नका. या विषयात हरकतींशिवाय एफईआर येतच नाही. पाचांपैकी अर्ज खरोखर बुडवू शकेल अशी हरकत एकच, ३(आय). खरी मेहनत कल्पकतेच्या मुद्द्यावर घ्यावी लागेल. बाकीच्या तीन नीट बसून लिहिलं तर सुटतात.

आधी तारखा. एफईआर निघाला त्या दिवसापासून उत्तराला सहा महिने असतात, आणि फॉर्म ४ भरून आणखी तीन महिने वाढवून मिळतात. त्या आत उत्तर गेलं नाही तर कलम २१(१) खाली अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. परदेशात कुठे अर्ज केला असेल तर त्याची माहिती फॉर्म ३ मध्ये एफईआरपासून तीन महिन्यांत द्यायची असते, ती मुदत लोक हमखास विसरतात. उत्तराला सरकारी फी नाही. मुदतवाढीला आहे, पण सप्टेंबर २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना फीमध्ये ८० टक्के सवलत असल्याने ती जड जाणार नाही. जड जातं ते वेगळंच. प्राचार्यांची सही, मग अकाउंट सेक्शन, मग संस्थेच्या सचिवांची मंजुरी, तोवर दिवाळीची सुट्टी. म्हणून फाइल आजच हलवा.

आता ३(आय). पेटंट कायद्याचं हे कलम म्हणतं की माणसावरच्या औषधोपचाराची, शस्त्रक्रियेची, रोगप्रतिबंधाची, निदानाची किंवा इतर उपचाराची प्रक्रिया हा 'शोध' होत नाही. त्यातला निदानाचा उल्लेख मूळ १९७० च्या कायद्यात नव्हता, तो २००२ च्या दुरुस्तीने आला. तुमचा पहिला क्लेम मराठीत सांगायचा तर असा आहे: 'रुग्णाच्या रक्ताचा नमुना घेणे, तो अँटिबॉडी जोडलेल्या सोन्याच्या नॅनोकणांच्या संपर्कात आणणे, त्यावर प्रकाश टाकणे, शोषणातील बदल मोजणे आणि त्यावरून नवजात बालकास सेप्सिस आहे की नाही हे ठरवणे.' शेवटचे शब्द वाचा (सेप्सिस म्हणजे संसर्गातून उद्भवणारी जीवघेणी अवस्था). परीक्षकाला ३(आय) शोधायला लागलंच नाही, तुम्ही ते हातात दिलं. शीर्षकही 'सेप्सिसच्या निदानाची पद्धत' असंच आहे.

हे कुठून आलं तेही दिसतंय. युरोपातल्या पेटंटचे क्लेम समोर ठेवून मसुदा केलाय. तिकडच्या करारातलं कलम ५३(सी) फक्त माणसाच्या किंवा प्राण्याच्या शरीरावर केलेल्या निदान पद्धतींना मनाई करतं. बोटातून काढलेला थेंब बाहेर चिपवर तपासला की ते कलम लागू होत नाही, त्यामुळे तिकडे असे क्लेम चालतात. आपल्या कलमात 'शरीरावर' ही अट नाही. तुमच्या वकिलांनी उत्तराच्या मसुद्यात 'ही चाचणी शरीराबाहेर होते, म्हणून ३(आय) लागू नाही' एवढ्या एका वाक्यावर भिस्त ठेवलीय. ते वाक्य आपल्याकडे टिकत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये चायनीज युनिव्हर्सिटी ऑफ हाँगकाँगच्या प्रकरणात, गर्भवतीच्या रक्तातल्या गर्भाच्या डीएनएवरून तपासणी करण्याच्या पद्धतीबद्दल निकाल देताना, हा मुद्दा खोलात जाऊन तपासलाय. चाचणी शरीरात झाली की बाहेर, यावर ३(आय) ठरत नाही. क्लेममध्ये मांडलेली प्रक्रिया स्वतःच उपचाराच्या दृष्टीने एखादा विकार उघड करते का, हा प्रश्न आहे. निदान पक्कं नसलं, पुढे आणखी तपासण्या कराव्या लागणार असल्या, तरी प्रक्रियेतून विकार कळत असेल तर ती बाद. कळत नसेल, नुसती चाळणी होत असेल, तर ती चालते. त्या प्रकरणात नकाराचा आदेश रद्द झाला.

या कसोटीवर सीआरपीची केस बरी आहे. सीआरपी यकृतात तयार होणारं प्रथिन आहे. शरीरात कुठेही दाह झाला की वाढतं. जिवाणूंच्या संसर्गात वाढतं, ऑपरेशननंतर वाढतं, संधिवातात वाढतं, हृदयविकाराच्या झटक्यानंतरही वाढतं. चिपवर लिटरला ४० मिलिग्रॅम असा आकडा आला तर बाळाला काय झालंय हे त्या आकड्यातून कळत नाही. विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयातले बालरोगतज्ज्ञ ताप, श्वास, पांढऱ्या पेशी, ब्लड कल्चर हे सगळं बघून ठरवतात. म्हणून तुमचं यंत्र आकड्यापाशी थांबायला हवं. आकडा तुमचा, निदान डॉक्टरांचं. क्लेममध्ये 'रुग्ण', 'सेप्सिस', 'ठरवणे' हे शब्द राहिले तर वरचा सगळा युक्तिवाद वाया जातो.

मात्र नुसता तो शेवटचा टप्पा खोडून टाकणं दिसतं तितकं सोपं नाही. कलम ५९ प्रमाणे दुरुस्त क्लेम पूर्णपणे मूळ क्लेमच्या व्याप्तीत बसला पाहिजे. क्लेममधून एक टप्पा काढला की अट कमी होते, आणि अट कमी झाली की क्लेम रुंदावतो. म्हणजे ३(आय) टाळायला गेलो आणि ५९ मध्ये अडकलो. क्लेमचा बांध आत घेता येतो, शेजाऱ्याच्या शेतात सरकवता येत नाही. चांगली गोष्ट ही की तुमच्या अर्जात क्लेम ९ हा उपकरणाचा आहे: नॅनोरॉड बसवलेली चिप, प्रकाशाचा स्रोत, शोधक आणि आकडा दाखवणारा भाग. ३(आय) फक्त प्रक्रियेबद्दल बोलतं, वस्तू त्याच्या कक्षेबाहेर आहे. तेव्हा क्लेम ९ ला पहिला क्लेम करा आणि त्यात स्पेसिफिकेशनमधल्या खास बाबी घालून तो अरुंद करा. पद्धतीचा क्लेम ठेवायचाच असेल तर त्या उपकरणावर बांधून, 'रक्ताच्या नमुन्यातील सीआरपीची संहती मोजण्याची पद्धत' एवढाच ठेवा. शेवटचा टप्पा काढल्याची भरपाई म्हणून दोन जास्तीच्या अटी घाला. कंट्रोलरने (अर्जावर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याने) ५९ काढलंच तर दिल्ली उच्च न्यायालयाचा जानेवारी २०२३ चा अॅलर्गनचा निकाल हाताशी ठेवा. तिथे उपचाराच्या पद्धतीचे क्लेम बदलून डोळ्यात बसवायच्या इम्प्लांटचे क्लेम करू दिले, कारण ते इम्प्लांट मूळ अर्जात पुरतं वर्णन केलेलं होतं. तुमच्याकडे तर उपकरणाचा क्लेम आधीपासून आहे, त्यामुळे तुमची बाजू त्याहून भक्कम.

आता कल्पकतेकडे. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमच्या उत्तराच्या मसुद्यात याला अर्धं पान मिळालंय आणि तेही 'आमची पद्धत स्वस्त, जलद आणि ग्रामीण भागासाठी उपयुक्त आहे' असं. कायद्यातल्या व्याख्येत आर्थिक महत्त्वाचा उल्लेख आहे, हे खरं. पण त्याच व्याख्येत पुढे अट आहे की त्या क्षेत्रातल्या जाणकाराला ते सहज सुचणारं नसावं. किनवट-माहूरच्या आरोग्य केंद्रात उपयोग होईल, यावरून सहज सुचलं नसतं हे सिद्ध होत नाही.

परीक्षकाने तीन कागद काढलेत. पहिल्यात बफरमधल्या (रक्तातल्या नव्हे, प्रयोगशाळेतल्या साध्या द्रावणातल्या) प्रथिनासाठी सोन्याच्या नॅनोरॉडचा सेन्सर आहे. दुसऱ्यात रक्तातल्या पेशी गाळणारा पडदा लावलेली तपासणी पट्टी आहे. तिसऱ्यात सीआरपीसाठी सोन्याचे गोल नॅनोकण आहेत, जे सीआरपी भेटलं की गोळा होतात आणि लालाचे निळसर होतात. परीक्षकाचं म्हणणं सरळ आहे: तिन्ही एकत्र केले की तुमचा शोध.

याला 'आमचे कण वेगळे आहेत' असं उत्तर पुरत नाही. तिसऱ्या कागदातले गोल कण कुठल्या प्रकाशाला प्रतिसाद देतात ते बघा. पंधरा-वीस नॅनोमीटरच्या सोन्याच्या गोल कणांचं शोषण ५२० नॅनोमीटरच्या आसपास असतं, म्हणून ते द्रावण माणकासारखं लाल दिसतं. कण जवळ आले की शोषण ६०० च्या पुढे सरकतं. आता रक्त बघा. ऑक्सिजन असलेल्या हिमोग्लोबिनचे पट्टे ४१५, ५४२ आणि ५७७ नॅनोमीटरला येतात. म्हणजे सोन्याचा सिग्नल जिथे आहे तिथेच रक्तही प्रकाश खातंय. तिसऱ्या कागदातल्या लोकांनी रक्त घेतलंच नाही, सीरम घेतलं, तेही पातळ करून. त्यांच्या प्रयोगाच्या भागात हे स्पष्ट लिहिलंय आणि परीक्षकाने ते उद्धृत केलेलं नाही. उत्तरात ते पान, तो परिच्छेद क्रमांकासह टाका. जुना कागद काय शिकवतो यापेक्षा तो काय टाळतो हे दाखवलं तर परीक्षक थांबून वाचतो.

तुमचे रॉड लांबट आहेत, लांबी रुंदीच्या साधारण चौपट, म्हणून त्यांचा मुख्य पट्टा ७८० च्या आसपास येतो. तिथे रक्त बरंच पारदर्शक असतं. ८०० च्या आसपास ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनचं शोषण ५४२ च्या तुलनेत पन्नासपटीहूनही कमी होतं. शिवाय त्याच भागात ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन सारखंच शोषण करतात, त्यामुळे रक्त किती ऑक्सिजनयुक्त आहे यावर आकडा फारसा हलत नाही. पण इथे फार खूश होऊ नका. निकट-अवरक्त पट्ट्यात रक्त पारदर्शक असतं हे पाठ्यपुस्तकात आहे, आणि नॅनोरॉड तिकडे सरकवता येतात हेही. ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेलं पल्स ऑक्सिमीटरचं तत्त्वच या दोन हिमोग्लोबिनच्या शोषणातल्या फरकावर उभं आहे. परीक्षक म्हणेल, रक्तात वापरायचं तर जाणकार माणूस रॉडकडेच वळेल. आणि तो चुकीचा नसेल.

तुमची खरी केस उदाहरण ४ मध्ये आहे. स्पेसिफिकेशनमध्ये ते मागच्या बाजूला पडलंय आणि एकाही क्लेममध्ये आलेलं नाही. त्यात तुम्ही ७८० वर मोजलंच नाही. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना, ७५० आणि ८१० ला, दोन एलईडी लावलेत आणि दोन वाचनांमधला फरक घेतलाय. सीआरपी चिकटलं की रॉडभोवतीचा अपवर्तनांक बदलतो, पट्टा थोडा उजवीकडे सरकतो, एक वाचन वाढतं आणि दुसरं घटतं. पण गाळणीतून निसटलेलं फुटलेल्या पेशींचं हिमोग्लोबिन दोन्ही वाचनांत जवळपास सारखीच भर घालतं, त्यामुळे वजाबाकीत ते बहुतांशी निघून जातं. पुढे जाऊन तुम्ही मुद्दाम पेशी फोडलेलं रक्त थोडं थोडं मिसळून दाखवलंय: गोल कणांचं वाचन भरकटलं, तुमचं मात्र चालण्याजोग्या त्रुटीच्या मर्यादेत राहिलं. बोट टोचून काढलेल्या रक्तात पेशी फुटतातच. लॅबमधला टेक्निशियन नमुना लालसर दिसला तर फेकून दुसरा मागतो, पण अडीच किलोच्या बाळाच्या टाचेतून पुन्हा रक्त काढायचं म्हणजे काय, हे नर्सबाईंना विचारा. हा प्रश्न तिन्ही कागदांपैकी एकानेही ओळखलेला नाही. दुसऱ्या कागदातला पडदा पेशी अडवतो, पण फुटलेल्या पेशीतलं हिमोग्लोबिन विरघळलेलं असतं, ते पडद्यातून आरपार जातं. म्हणजे दुसरा कागद जोडूनही तुमचा प्रश्न सुटत नाही. उत्तराचा कणा हा.

तेव्हा पहिला क्लेम असा काहीसा करा: 'रक्ताच्या नमुन्यातील सीआरपीची संहती मोजणारे उपकरण, ज्यात पेशी गाळणारा पडदा; त्याखाली पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा थर आणि सीआरपीची अँटिबॉडी असलेले, ७७० ते ७९० नॅनोमीटर दरम्यान शोषणशिखर असणारे सोन्याचे नॅनोरॉड बसवलेली पारदर्शक चिप; त्या शिखराच्या अलीकडे व पलीकडे प्रत्येकी एक तरंगलांबी देणारे दोन प्रकाशस्रोत; एक शोधक; आणि दोन वाचनांतील फरकावरून संहती काढणारा प्रक्रियक आहे.' आकडे तुमच्या उदाहरणांतून घेतलेत. तुम्ही ताडून बघा, कारण स्पेसिफिकेशनमध्ये नसलेला एकही आकडा चालणार नाही.

कायद्याचा आधार थोडक्यात पुरे. सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम निकाल सगळेच लिहितात, तुम्हीही लिहा. पण दिल्ली उच्च न्यायालयाचा २०२२ चा अॅग्रिबोर्डचा निकाल जास्त कामाचा आहे. जुना कागद कुठला, शोध काय आणि त्या कागदावरून हा शोध जाणकाराला कसा सुचला असता, या तिन्हींचा विचार केल्याशिवाय कल्पकता नाकारता येत नाही, असं तो म्हणतो. हिअरिंगमध्ये 'एकत्र केले की झालं' असं ऐकू आलं तर हा निकाल मांडायचा. नवीन प्रयोग करून आकडे जोडायचे असतील तर जोडा, पण ते मूळ अर्जातल्या दाव्याला दुजोरा देणारे हवेत. अर्जात नसलेला परिणाम नंतरच्या डेटावर उभा करता येत नाही.

३(डी) ची हरकत वाचून तुम्ही गोंधळलात, ते साहजिक आहे. हे कलम औषध कंपन्यांचं म्हणून ओळखलं जातं. पण त्याच्या स्पष्टीकरणात क्षार, एस्टर, बहुरूपी रूपं यांच्या ओळीत 'कणांचा आकार' हेही लिहिलंय, त्यामुळे नॅनो शब्द दिसला की परीक्षक ते लावतो: सोनं माहितीचं, तुम्ही फक्त बारीक केलं. नोव्हार्टिसच्या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की परिणामकारकतेची कसोटी त्या वस्तूच्या कार्यावर आणि हेतूवर ठरते. औषध असेल तर उपचारातली परिणामकारकता. सेन्सरचं कार्य मोजणं आहे, तेव्हा मोजण्यातली परिणामकारकता दाखवायची, आणि उदाहरण ४ तेच दाखवतं. शिवाय उपकरण हा पहिला क्लेम झाला की तुम्ही पदार्थ मागतच नाही. क्लेम १४, ज्यात फक्त 'अँटिबॉडीयुक्त सोन्याचे नॅनोरॉड' आहेत, तो काढून टाका. तो तसाही टिकणार नाही. जगभर ते २००३ पासून बीजपद्धतीने, सिल्व्हर नायट्रेट घालून, करतायत. त्या क्लेमपायी बाकीचे ओढले जातील.

१०(४) ची हरकत मला रास्त वाटते. तुम्ही रॉडचा आकार दोन ठिकाणी दोन वेगळे दिलेत. एका तक्त्यात लांबी ४२ नॅनोमीटर आहे आणि पुढच्या आलेखात 'कणाचा आकार ७० नॅनोमीटर'. परीक्षकाने विसंगती म्हणून पकडलंय. पहिला आकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा आहे, दुसरा डीएलएसचा (विखुरलेल्या प्रकाशावरून आकार काढण्याच्या पद्धतीचा), हे मला आलेख बघून कळतं, कारण डीएलएस कणाभोवतीचा पॉलिमर आणि पाण्याचा थर धरून मोजतं, आणि लांबट कणालाही गोल समजूनच उत्तर देतं. पण हे कागदावर कुठेच लिहिलेलं नाही. उत्तरात प्रत्येक आकड्याशेजारी मोजण्याची पद्धत लिहा आणि क्लेममध्ये आकारापेक्षा शोषणशिखराची तरंगलांबी ठेवा. ती कुठल्याही महाविद्यालयातल्या यूव्ही-व्हिजिबल यंत्रावर मोजता येते आणि वाद होत नाही. तसंच रॉड बनवताना राहिलेलं सीटॅब (साबणासारखं रसायन) कसं काढलं, किती वेळा सेंट्रिफ्यूज केलं, हे उदाहरण १ मध्ये आहे की नाही बघा. सीटॅब राहिलं तर अँटिबॉडी नीट बसत नाही, हे जाणकार परीक्षकाला माहीत असतं. अँटिबॉडी तुम्ही विकत घेतलीय, त्यामुळे पेशी पुण्याच्या किंवा चंदीगडच्या संग्रहात जमा करायचा प्रश्न येत नाही. विकत घेतल्याचा तपशील मात्र स्पेसिफिकेशनमध्ये असायला हवा, आणि तो आहे.

३(के) मोबाइल अॅपमुळे आलंय. क्लेम १२ मध्ये नुसतं 'अल्गोरिदम' मागितलंय, तो काढा. प्रक्रियक उपकरणाच्या क्लेममध्ये आलाच आहे.

आता एक गोष्ट एफईआरमध्ये नाही, पण हिअरिंगच्या आधी निघू शकते. तुमच्या विद्यार्थिनीने याच कामाचं पोस्टर एका परिषदेत लावलं होतं, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. त्याची तारीख अर्जाच्या आधीची आहे की नंतरची? आपल्याकडे सगळं उलट्या क्रमाने होतं. आधी पोस्टर, मग पेपर, मग प्रबंध शोधगंगेवर, आणि मग कुणीतरी म्हणतं पेटंट करूया. कलम ३१ मध्ये स्वतःच्या प्रकटीकरणाला बारा महिन्यांची सूट आहे, आणि २०२४ च्या नियमांपासून त्यासाठी फॉर्म ३१ आहे. पण ती सरसकट नाही. विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध किंवा तिच्या कार्यवृत्तात छापलेला लेख तिच्यात बसू शकतो, एखाद्या जर्नलच्या संकेतस्थळावर टाकलेला पेपर तितक्या सहज बसत नाही. परिषदेचं माहितीपत्रक, सारांश-पुस्तिका आणि पोस्टरचा फोटो, असेल ते सगळं काढून ठेवा. पोस्टरवर नुसते रॉड आणि ७८० चा पट्टा असेल, दोन एलईडींची वजाबाकी नसेल, तर नवा पहिला क्लेम त्यातूनही सुटतो.

प्राचार्यांना आणखी एक सांगा. मागच्या वर्षी अर्ज राजपत्रात प्रसिद्ध झाला तेव्हा महाविद्यालयाने 'पेटंट मिळाले' म्हणून फलक लावला होता. प्रसिद्ध होणं म्हणजे मिळणं नव्हे. पदोन्नतीच्या गुणांसाठी आणि नॅकच्या फाइलसाठी हल्ली प्रसिद्धीचं पत्रच पेटंट म्हणून फिरतं, आणि त्यापुढे एफईआरला उत्तर द्यायला कुणाला वेळ नसतो. तुम्ही देताय, म्हणून एवढं लांबलचक लिहिलं.

तुमची विद्यार्थिनी कडुनिंबाच्या पानाच्या अर्काने कण बनवायचा विचार करतेय, तो पुढच्या अर्जाचा विषय. त्यात जैवविविधता कायदा येतो. भारतातल्या वनस्पतीवर आधारलेला शोध असेल तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावं लागतं, आणि ते पेटंट मिळायच्या आधी झालेलं असावं लागतं. कडुनिंब म्हटल्यावर पारंपरिक ज्ञानाची ३(पी) ची हरकतही येणारच. माणसाच्या रक्ताला हा कायदा लागत नाही, त्यामुळे सध्याच्या अर्जात ती चिंता नको.

उत्तर गेल्यावर परीक्षकाचं समाधान झालं नाही तर कलम १४ खाली हिअरिंगची नोटीस येईल. त्यासाठी मुंबईला अँटॉप हिलला जायची गरज नाही, हिअरिंग व्हिडिओवर होते. प्रयोगशाळेत बसूनच हजर राहा, आणि विद्यार्थिनीला शेजारी बसवा. उदाहरण ४ चे कच्चे आलेख समोर उघडे ठेवा. कंट्रोलरने हिमोग्लोबिनबद्दल विचारलं तर उत्तर तिने द्यावं, एजंटने नव्हे. हिअरिंगनंतर पंधरा दिवसांत लेखी निवेदन द्यायचं असतं, त्यात तोंडी बोललेलं सगळं आलं पाहिजे. तरीही कलम १५ खाली नकार आला तर पुनर्विलोकनाला एक महिना आणि उच्च न्यायालयातल्या अपिलाला तीन महिने मिळतात. २०२१ मध्ये अपील मंडळ बंद झाल्यापासून मुंबई कार्यालयाची अपिलं मुंबई उच्च न्यायालयाकडे जातात.

आता मला दोन गोष्टी पाठवा: पोस्टरची तारीख कळेल असा कुठलाही कागद, आणि उदाहरण ४ ची एक्सेल शीट, सरासरी काढलेली नव्हे, प्रत्येक वाचनाची. चिप उन्हाळ्यात साध्या खोलीत ठेवून नंतर मोजल्याची नोंद वहीत असेल तर तीही, कारण मे महिन्यात परभणी-नांदेडच्या स्टोअररूममध्ये पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या थराचा फायदा तिथे दिसेल. तो मूळ अर्जात एका ओळीत का होईना आलाय, म्हणून डेटा चालेल.